लेव्हन्स हॉल : तीनशे वर्षं कातरली जाणारी बाग

इंग्लंडमधलं जुनं खानदानी घर बघायचं म्हटलं की आपली मंडळी चॅट्सवर्थला जातात. आम्हीही मागे गेलो होतो. ते भव्य आहे, एकदा पाहावंच असं आहे. पण तिथून निघताना दमायला झालं होतं आणि घर कोणाचं, हे मनात राहिलंच नव्हतं. या वेळी आईला घेऊन मँचेस्टरला भाचीकडे जायचं ठरलं, तेव्हा मी लहान घर शोधत होते. उत्तर इंग्लंडातल्या कंब्रिया परगण्यातलं लेव्हन्स हॉल सापडलं. बॅगट कुटुंब आजही तिथे राहतं, 1694 मध्ये आखलेली बाग जवळपास त्याच आराखड्यात उभी आहे, आणि घरात एक जुनी गोधडी आहे, जिचं कापड भारतातून गेलेलं आहे. आईला एवढं सांगितलं आणि तिने पिशवी भरायला घेतली.

सोमवार : केंडल

मँचेस्टरहून भाचीला बरोबर घेऊन ऑक्सनहोम, तिथून विंडरमिअरच्या छोट्या गाडीने एकच स्टेशन पुढे केंडल. गाडीतून उतरलो तेव्हा सप्टेंबरचा बारीक पाऊस लागला होता. छत्री उघडावी तर वारा, मिटावी तर भिजायला होतं. स्थानिक लोक छत्रीच्या भानगडीत पडत नाहीत, टोपीचं जाकीट घालून सरळ चालतात. जाणाऱ्यांनी तेच करावं.

केंडल सगळं करड्या चुनखडीच्या दगडात बांधलेलं आहे. लोकरीच्या कापडावर मोठं झालेलं हे गाव. त्याच्या जुन्या ब्रीदवाक्याचा अर्थच ‘कापड हीच माझी भाकरी’ असा आहे. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद बोळ आत गेलेत. त्यांना इथे यार्ड म्हणतात. एकेका यार्डात पूर्वी विणकर, रंगारी, कातडी कमावणारे राहत. आई प्रत्येक बोळात डोकावत होती. टेकडीवर केंडल किल्ल्याचे अवशेष आहेत. आठव्या हेन्रीची शेवटची राणी कॅथरिन पार हिच्या घराण्याचा हा किल्ला. वर जायला तिकीट नाही, आणि पाऊस थांबला की खालचं करडं गाव आणि मागचे हिरवे डोंगर एका नजरेत येतात.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या मालकीणबाईंनी चहा देताना 2015 च्या डिसेंबरमधल्या डेस्मंड वादळाची गोष्ट काढली. केंट नदी गावातून जाते आणि फार वेगाने चढते. तेव्हा पाणी घराघरांत शिरलं होतं. भिंतीवर हात ठेवून त्यांनी पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. आईने पानशेतचा पूर पाहिलेला आहे. ती खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत 1961 सालचं पुणं सांगायला लागली. भाची मध्येमध्ये शब्द पुरवत होती. चहा दोनदा झाला.

रात्री मी मोरकम उपसागरातली बारकी तपकिरी कोलंबी खाल्ली. आपल्या जवळ्याहून थोडी मोठी. लोण्यात जायपत्री आणि जायफळ घालून त्यात मुरवतात, थंड घट्ट होऊ देतात आणि गरम टोस्टवर लावून खातात. जायफळ श्रीखंडात आणि बासुंदीत घालणारे आपण, ते मासळीत घालायचं आपल्याला सुचत नाही. फार छान लागतं. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये, आईला भाजलेला बटाटा, चीज आणि सॅलड सगळीकडे मिळालं. केंडल मिंट केक मात्र सगळ्यांनी घ्यावा. नाव केक असलं तरी ती साखर आणि पेपरमिंटची वडी आहे. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत ती बरोबर नेली होती.

मंगळवार : लेव्हन्स हॉल

555 नंबरची बस केंडलहून दक्षिणेला निघते आणि लेव्हन्सच्या फाटकाशीच सोडते. अंतर आठेक किलोमीटर. घर शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतं आणि हिवाळ्यातही, त्यामुळे शनिवार-रविवारची सहल आखणाऱ्यांनी रविवारच धरावा. नुसत्या बागेचं तिकीटही मिळतं. पण घर टाळू नका.

आम्ही आधी घर पाहिलं. मुळात ही गढी. स्कॉटलंडकडून धाडी येत म्हणून या सगळ्या मुलखात जाड भिंतींचे चौकोनी मनोरे बांधलेले होते. तसाच एक मनोरा रेडमन घराण्याने मध्ययुगात इथे उभा केला. पुढे बेलिंगहॅम घराण्याने एलिझाबेथ राणीच्या काळात त्याच्याभोवती राहतं घर उभारलं, भिंतींना लाकडी तक्तपोशी आणि गिलाव्याच्या नक्षीची छतं केली. बेलिंगहॅमांच्या शेवटच्या वारसाने जुगारात सगळं उधळलं. मग 1688 च्या सुमारास कर्नल जेम्स ग्रॅहॅम यांनी घर घेतलं. गावातली गोष्ट अशी की हा सौदा पत्त्यांवर झाला आणि बदामच्या एक्क्यावर घर पालटलं. बाहेर पावसाच्या पाण्याच्या पन्हाळींवर सोनेरी बदाम आहेत, ते दाखवून ही गोष्ट सांगतात. कागदोपत्री ही खरेदीच. पण पन्हाळीवरचे बदाम आम्ही तिघी मान वर करून शोधत राहिलो.

जेवणाच्या खोलीच्या भिंतींना कागद नाही, कातडं आहे. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या पद्धतीचं, बकऱ्याचं, ठसे उठवून सोनेरी रंगवलेलं, 1692 च्या सुमाराला लावलेलं. असं का, तर कापडाला जेवणाचा वास धरतो, कातड्याला धरत नाही. दिवाणखान्यातल्या शेकोटीवर जुनं लाकडी कोरीव काम आहे. त्यात पंचेंद्रियं, चार ऋतू आणि चार महाभूतं बसवली आहेत. आईला चारच महाभूतं पाहून आकाशाची चुटपुट लागली. तिथे बसलेल्या स्वयंसेवक आजींना तिने पाचवं महाभूत समजावलं आणि त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

वेलिंग्टनच्या आठवणीच्या वस्तूही या घरात आहेत. त्याची पुतणी बॅगट घराण्यात दिलेली होती. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन म्हणून इंग्रज त्या वस्तूंपुढे थांबतात. आम्ही थांबलो ते असईसाठी. 1803 च्या सप्टेंबरमध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. त्या लढाईत त्याचेही बेसुमार लोक पडले होते आणि उतारवयातही तो तिचं नाव काढत असे. इतक्या दूरच्या खोलीत महाराष्ट्रातलं गाव असं अचानक आठवलं आणि मी आईला तिथेच उभी करून सगळी लढाई सांगितली.

मग गोधडी. खोलीत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला आहे, डोळे सरावायला वेळ लागतो. 1708 च्या आसपास कर्नलच्या घरातल्या बायकांनी ती शिवली, असं मानतात. इंग्लंडमध्ये टिकून राहिलेलं तुकडेजोडीचं हे सगळ्यात जुनं काम मानलं जातं. तुकडे सगळे भारतीय चिटाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या सुती कापडाचे. वेली, फुलं, पक्षी. मंजिष्ठासारखा लाल, निळीचा निळा. तीनशे वर्षांनी उतरलेत, पण रंग कोणता होता हे विचारावं लागत नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. आपल्याकडचं चीट तिथे इतकं खपायला लागलं की लोकर आणि रेशीम विणणारे रस्त्यावर आले. 1700 साली पार्लमेंटने कायदा करून रंगीत आणि छापील सुती कापडाची आयात बंद केली. 1721 मध्ये तर ते वापरण्यावरही बंदी आली. म्हणजे ही गोधडी शिवली गेली तेव्हा नवं चीट मिळणं दुरापास्त झालेलं होतं. जुन्यातला एकेक तुकडा मोलाचा.

आईने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत, लुगड्यांच्या आणि धोतरांच्या. ती वाकून वाकून पाहत होती. तिने बोटाने, हात न लावता, एक कोपरा दाखवला. एका आकृतीत एकच तुकडा असायला हवा होता, तिथे दोन चिंध्या जोडून तो आकार पुरा केलेला. फुलाची अर्धी पाकळी एका कापडाची, उरलेली दुसऱ्याची, आणि वेल जुळवायचा प्रयत्न केलेला. “पुरलं नाही गं तिला,” आई म्हणाली, “पण टाकलंही नाही.” वरून तिरकस चौकटींत लाल दोऱ्याचे टाके घातलेले आहेत. आईच्या मते टाके एका हातचे नाहीत, निदान दोघी बसलेल्या असणार. एका बाजूचे टाके लहान, दुसरीकडे लांब. स्वयंसेवक आजींनी ते लिहून घेतलं.

जेवायला आवारातच सोय आहे. भाजीचं गरम सूप, जाड पाव, आणि नंतर डॅमसनचा क्रम्बल, म्हणजे वर खुसखुशीत थर असलेला गोड पदार्थ. शेजारच्या लिथ खोऱ्यात डॅमसन नावाचं काळपट जांभळं, आंबट-तुरट फळ होतं आणि सप्टेंबरात ते सगळीकडे असतं. कच्चं खाववत नाही. साखर घालून शिजवलं की त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

दुपारी ऊन पडलं आणि आम्ही बागेत गेलो.

मी फोटो पाहूनच आले होते. तरी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थबकले. यू आणि बॉक्सची शंभराहून अधिक झाडं, प्रत्येकाला कातरून वेगळा आकार दिलेला, आणि एकही सरळ नाही. बुद्धिबळाची प्यादी आहेत, मोर आहेत, दुमजली घराएवढ्या छत्र्या आहेत, न्यायाधीशाचा टोप आहे ज्याच्या आतून चालत जाता येतं. एलिझाबेथ राणी आणि तिच्या दासी आहेत. काही आकारांना नाव नाही, फुगलेले, कललेले, एकमेकांच्या अंगावर रेललेले. खाली वाफ्यांत हंगामी फुलं, एका वाफ्यात एकच रंग.

ही बाग ज्याने आखली तो गियोम बोमाँ, फ्रेंच माळी. दुसऱ्या जेम्स राजाच्या पदरी होता, हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात काम केलेला. 1688 मध्ये राजाला देश सोडून पळावं लागलं. कर्नल ग्रॅहॅम राजाच्या खाजगी खजिन्याचे कारभारी होते. राजा गेला, कर्नल उत्तरेला या घरात आले आणि माळ्यालाही इथे घेऊन आले. बोमाँचं चित्र घरात लावलेलं आहे, खाली नाव आणि कामगिरी लिहून. त्या काळी माळ्याचं तैलचित्र करून घरात लावणारा धनी मला मोठा वाटला.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा आखीव बागांची फॅशन गेली. कॅपॅबिलिटी ब्राउन हा बागा आखणारा आणि त्याच्या पठडीतले लोक यांनी ठिकठिकाणी कातरलेली झाडं तोडून हिरवळी आणि तळी केली. लेव्हन्स वाचलं, त्याचं कारण घराच्या वारसाहक्कात आहे. घर मुलींकडून मुलींच्या सासरी जात राहिलं, त्या घराण्यांची दुसरीकडे मोठी घरं होती, त्यामुळे इथे नव्याने काही करायला कोणी पैसा ओतला नाही. माळी मात्र राहिले आणि कातरत राहिले. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर फोर्ब्ज नावाच्या मुख्य माळ्याने पन्नासएक वर्षं इथे घालवली, गेलेल्या झाडांच्या जागी नवी लावली. तीनशे वर्षांहून अधिक काळात मुख्य माळी जेमतेम दहा झालेत. मला या बागेचं सगळ्यात जास्त अप्रूप याचं वाटतं. चांगलं काही टिकवायला दरवेळी पैसेवाला आणि हौशी वारस लागतो असं नाही. तेच काम त्याच निगुतीने दरसाल करणारा माणूस लागतो, आणि त्याला ते करू देणारं घर लागतं.

कातरणी नुकतीच सुरू झाली होती. एका छत्रीला परांची बांधून त्यावर उभा राहून माळी यंत्राने कातरत होता, दुसरा खाली पडलेलं गोळा करत होता. यूची पानं गुरांना विषारी, म्हणून ती इकडेतिकडे टाकत नाहीत. चहाची सुट्टी झाली तेव्हा तो खाली उतरला आणि आमच्याशी बराच वेळ बोलला. आईने विचारलं, आकार चुकत नाही का? त्याने सांगितलं की साचा वगैरे काही नसतो. गेल्या वर्षीच्या काटणीची रेघ फांद्यांत दिसते, तिथपर्यंत यायचं. पण अगदी तिथवर कधीच येता येत नाही, दर वर्षी केसभर जास्त राहतं. तीनशे वर्षांत ते केसभर साठत जातं, म्हणून आकार असे फुगले आणि कलले. जुन्या फोटोंत तीच झाडं बारीक आणि ताठ दिसतात. सप्टेंबरात सुरू केलेलं काम हिवाळाभर चालतं. पाऊस, बर्फ, काही असो. माझ्या भाचीने विचारलं, कंटाळा येत नाही? तो म्हणाला, शेवटचं झाड होईपर्यंत पहिलं कसं होतं ते विसरायला होतं.

पलीकडे बीच नावाच्या झाडांची प्रचंड हेज, म्हणजे कातरलेलं कुंपण आहे, बागेला चौकांत विभागणारं. मधल्या गोलात उभं राहिलं की चार वाटांनी चार दृश्यं दिसतात. त्याच्या पलीकडे बोमाँने खणलेला खंदक, इंग्लंडमधल्या अशा अगदी पहिल्यांपैकी एक. खाली भिंत आणि वर सपाट जमीन, त्यामुळे गुरं बागेत येत नाहीत आणि बागेतून पाहिलं की शेतं थेट पुढे चालू झाल्यासारखी दिसतात. 1994 मध्ये तीनशे वर्षं झाली म्हणून कारंज्याची नवी बाग केली आहे, लिंडनच्या झाडांच्या फांद्या एकमेकांत विणून. मला ती बरी वाटली. पण मन जुन्या भागातच रमलं.

घरची एक जुनी रीतही सांगते. इथे मोरोक्को एल नावाची मसाल्याची गडद बिअर करत, गुप्त कृतीने, आणि एकवीस वर्षं मुरवत. दरसाल 12 मेला मुळा, ब्राउन ब्रेड आणि लोणी यांची पंगत असे. नव्याने आलेल्याने एका पायावर उभं राहून उंच पेला रिकामा करायचा आणि म्हणायचं, केंट वाहते तोवर लेव्हन्सचं भलं होवो. पंगत एकोणिसाव्या शतकात बंद झाली. आता 12 मे हा लेव्हन्सनेच 2021 पासून सुरू केलेला जागतिक टोपिअरी दिवस, म्हणजे झाडं कातरून आकार देण्याच्या कलेचा दिवस आहे. मे महिन्यात जाणाऱ्यांनी ती तारीख साधावी.

बुधवार : हरणांचं रान आणि सायझर्ग

घराचं रान रस्त्यापलीकडे आहे. तिकीट लागत नाही, पायवाट सर्वांना खुली आहे, केंटच्या काठाने जाते. बोमाँच्याच वेळी आखलेली ओकची लांब दुतर्फा रांग इथे आहे. गेल्या शतकात मोठा रस्ता या रानातून न्यायचं घाटत होतं. घरच्यांनी जाहीर चौकशीत बोमाँच्या आराखड्यांचा आधार देऊन ती जागा सोडवली. आज झाडांखाली चालताना लांबून गाड्यांचा आवाज येतो, पण लांबूनच.

काळ्या रंगाच्या हरणांचा कळप आम्हाला दिसला, दवात भिजलेला. आणि बॅगट शेळ्या. पुढचा अर्धा भाग काळा, मागचा पांढरा, लांब केस, मोठी वळलेली शिंगं. दुर्मिळ जात आहे, आणि बॅगट घराण्याचंच नाव तिला आहे. काल घरातल्या स्वयंसेवक आजींनी गोष्ट सांगितली होती. एका भटक्या बाईला दारातून उपाशी परत पाठवलं, ती मेली आणि मरताना म्हणाली की केंट वाहायची थांबेल आणि कळपात पांढरं पाडस जन्मेल तोवर या घरात मुलगा वारस होणार नाही. 1896 मध्ये कडाक्याच्या थंडीत नदी गोठली, पांढरं पाडस झालं आणि मुलगाही झाला. आईने गोष्ट ऐकून विचारलं, मुलींकडूनच बाग वाचली ना, मग शाप कसला? भाचीने ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा आजी मनापासून हसल्या होत्या.

नदीकाठाने चालून, शेतांतल्या पायवाटांनी आम्ही सायझर्ग या जवळच्याच दुसऱ्या जुन्या घरी गेलो. बूट जलरोधक हवेत, शेतांत चिखल असतो. सायझर्गला स्ट्रिकलंड घराणं 1239 पासून आहे. त्यांनी 1950 मध्ये घर नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं जपणाऱ्या संस्थेला दिलं, पण कुटुंब अजून तिथे राहतं. तिथे 1926 सालची चुनखडीची दगडबाग आहे, नेच्यांनी भरलेली, पाणी झिरपत असलेली. ती फार सुरेख आहे. मला मात्र एक खोली लक्षात राहिली. तिच्या भिंतींना सोळाव्या शतकातली लाकडी तक्तपोशी आहे, ओकमध्ये फिकट आणि काळ्या लाकडाची नक्षी बसवलेली. 1891 मध्ये पैशांच्या अडचणीत कुटुंबाने ती सगळी लंडनच्या संग्रहालयाला विकली होती. खोली उघडी पडली. 1999 मध्ये ती परत आणून होती तशी लावली.

आपल्याकडच्या विकल्या गेलेल्या वाड्यांचे दरवाजे आणि खांब कोणाकोणाच्या हॉटेलांत उभे आहेत, हे आई मोजायला लागली. पण आपल्याकडेही धडा घालून देणारी घरं आहेत. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफाची मरत चाललेली कला पुन्हा सुरू केली, आजही तिथे बसून कारागीर पत्ते रंगवतात. घर राबतं राहिलं की त्याला माणसं येतात, आणि आलेली माणसं छपराची दुरुस्ती भागवतात. लेव्हन्सला आणि सावंतवाडीला मला हे सारखंच दिसलं.

काही कामाच्या गोष्टी. लेव्हन्स आणि सायझर्ग एकाच दिवसात उरकू नका, दोन्हींच्या घरांच्या आणि बागांच्या वेळा वेगळ्या असतात, आधी पाहून घ्या. कातरणी पाहायची असेल तर सप्टेंबर, डॅमसनचा पांढरा मोहर पाहायचा असेल तर एप्रिल, फुलांचे वाफे भरात असतात जुलै-ऑगस्टमध्ये. वयस्कर माणसांना बाग सपाट असल्यामुळे अवघड जात नाही, घरातले जुने जिने मात्र आहेत. केंडलची शेवटची बस लवकर जाते, वेळ विचारून ठेवा. आणि डॅमसनचा मुरांबा घेतला तर मोठ्या बॅगेतच ठेवा, विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.